हलगी स्वाभिमानाची हवी, तर वादकाला गाडीभाडंही द्या

एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांत एक वाद हमखास पेटतो. एक गट म्हणतो, "बाबासाहेबांनी गावकीची कामं सोडायला सांगितली, मग जयंतीत हलगी कशाला?" दुसरा गट वर्गणीतला मोठा वाटा डीजेला देऊन मोकळा होतो. दोघं एकमेकांशी भांडतात, पण हलगी वाजवणाऱ्या माणसाला काय लागतं हे दोघंही विचारत नाहीत. आम्हाला त्याच प्रश्नावर बोलायचं आहे.

पहिल्या आक्षेपाचं उत्तर सरळ आहे. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि लाचारीचं जिणं सोडण्याची हाक दिली. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक मांडलं. त्यांचा घाव वेठीवर होता. दवंडी पिटायची तर हलगी, पाटलाच्या घरी लग्न तर हलगी, जत्रेत देवापुढे हलगी. वाजवणारा मात्र देवळाबाहेर आणि हातावर शिळा तुकडा. ही गुलामी चामड्यात नव्हती, 'वाजव रे' म्हणणाऱ्याच्या हुकमात होती. हा भार मातंग बांधवांनी सगळ्यात जास्त वाहिला. त्यामुळे हलगीला हलकं म्हणणारा नकळत त्यांनाच हलकं म्हणत असतो. अण्णाभाऊंचं नाव घेणाऱ्या चळवळीला ते शोभत नाही.

भीमराव कर्डकांच्या काळातल्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचीच ढोलकी आणि तुणतुणं उचललं, पण त्यावर विचार माणसांचा सांगितला. आजही तहसील कचेरीपुढे निवेदनाची दखल घेतली जात नाही, तेव्हा हलगीनाद आंदोलन होतंच. 12 ऑगस्ट 2020 रोजी वंचित बहुजन आघाडीने राज्यभर डफली बजाव आंदोलन केलं, त्यातली एक मागणी बंद पडलेली एसटी सुरू करा ही होती. तमिळनाडूत पराई या वाद्याशी एका अख्ख्या जातीची अवहेलना जोडलेली होती; तिथल्या दलित तरुणांनी तीच पराई मंचावर आणली. वाद्य तेच, हुकूम देणारा बदलला.

आता दुसरी बाजू. हलगी म्हणजे एक गोल कडं आणि त्यावर ताणलेलं चामडं. एका हातात जाड काठी, दुसऱ्यात बारीक काडी. जाडीने ठोका धरायचा, बारीकीने मधल्या जागा भरायच्या. लय एकपटीवरून दुपटीवर आणि तिथून चौपटीवर न्यायची, आणि दहा जणांची चौपट एकाच ठोक्यावर थांबवायची. गाणं नाही, भाषण नाही, तासभर फक्त नाद, असा कार्यक्रम आम्ही मागच्या वर्षी 13 एप्रिलला जालना शहरात ठेवला होता. मंठा आणि परतूर तालुक्यांतली पोरं-पोरी दिवसभर बांधकामावर, मोसंबीच्या बागेत राबून रात्री विहारासमोर तालमीला बसायची. बोटांना फोड आले, त्यावर चिंधी बांधून तालीम चालली.

आदल्या रात्री ठरवलेल्या टेम्पोवाल्याचा फोन आला: गाडी लग्नाला गेली, जास्त भाडं मिळालं. पहाटे हलग्या, संबळ, कैताळ पोत्यात बांधून आम्ही एसटीला उभे राहिलो. लग्नसराईची गर्दी. वाटूर फाट्यावर परतूरकडची पोरं चढायची होती, त्यांतले दोघं खालीच राहिले. एक त्यांतला संबळवाला. रात्री अवकाळी पाऊस पडून गेलेला, चामडी सैल पडलेली. सभागृहामागे पऱ्हाट्या पेटवून एकेक हलगी शेकावी लागली, तोवर दुसऱ्या बाजूला संबळाचे बोल दोन हलग्यांवर वाटून दिले जात होते. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. मागे राहिलेले दोघं अर्ध्यात पोचले आणि थेट चौपटीत मिसळले. हे जमलं ते फक्त तालमीमुळे. प्रत्येकाला दुसऱ्याचा बोल पाठ होता.

टाळ्या खूप पडल्या. आणि धोका तिथेच आहे. कार्यक्रम संपल्यावर कौतुकाने म्हटलं गेलं, "तुमचं काय, तुम्ही कसेही पोचता!" हे वाक्य आम्हाला टोचलं. 'कसेही पोचणं' हे आपल्या बापजाद्यांनी गावकीत केलं. पाऊस असो, ताप असो, बोलावणं आलं की जायचं. चळवळीनेही तेच गृहीत धरलं तर हुकूम देणारा बदलला असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

'पैसा कुठून आणायचा?' असं कोणी विचारील. पैसा आहे. डीजेची उचल आधी जाते, त्याचा जनरेटर येतो, त्याच्या गाडीचं डिझेल हिशेबात धरलेलं असतं. हलगीवाल्याच्या नावापुढे मात्र 'बघू' लिहिलेलं असतं.

1951 साली ट्रिनिडाडच्या गरीब वस्त्यांतल्या पोरांचं वाद्यवृंद, ट्रिनिडाड ऑल स्टील परकशन ऑर्केस्ट्रा, तेलाच्या पिंपांपासून बनवलेली वाद्यं घेऊन जहाजाने निघालं. वाटेत एक वादक आजारी पडून परतला, तरी बाकीच्यांनी लंडनच्या ब्रिटन महोत्सवात वाजवलं. ज्यांच्या पूर्वजांच्या ढोलांवर 1880 च्या दशकात वसाहतीच्या सरकारने बंधनं घातली होती, त्यांचं वाजवणं लंडनने ऐकलं. वादकांची जिद्द मोठी होतीच. पण त्यांना जहाजात बसवण्यासाठी मागे लोकही उभे राहिले होते.

म्हणून जयंती समित्यांकडे आमच्या मागण्या आहेत. वादकांचं गाडीभाडं आणि मानधन कार्यक्रमाआधी हातात द्या. गाडी ठरवाल तेव्हा दुसरी गाडीही बोलून ठेवा. लांबच्या पथकाची आदल्या रात्री मुक्कामाची सोय करा. तालमीसाठी विहाराचं अंगण खुलं ठेवा, आणि तिथे मुलींच्या हातातही काठी द्या.

14 एप्रिलच्या बैठका आता सुरू होतील. हिशेबाची वही उघडाल तेव्हा डीजेच्या ओळीच्या वर वादकांची ओळ लिहा, आणि तिच्यापुढे 'बघू' नको, आकडा लिहा.

जयभीम!