कार्ड पुसण्यापूर्वीं

यवतमाळकडील एखादें मोठें घर डोळ्यांपुढें आणावें. नातवाची मुंज झाली, सारें कुटुंब कळंबास श्रीचिंतामणीच्या दर्शनास जाऊन आलें, आजीबाईंनीं ओसरीवर बसून मंगलाष्टकें म्हटलीं, आणि तें सर्व धाकट्या काकांच्या स्मार्टफोनमधील मेमरी कार्डावर उतरलें. चार महिन्यांनीं आजीबाई निवर्तल्या. आतां फोन सांगतो कीं, कार्ड बिघडलें आहे, तें फॉरमॅट करावें. काका म्हणतात, ‘करून टाकूं, चालूं तरी लागेल.’ अशा वेळीं घरांतील ज्या सूनबाई ‘भाऊजी, थांबा’ म्हणतील, त्यांच्या बाजूनें आम्ही आज चार शब्द लिहीत आहों.

फोनची तक्रार ऐकावी, सल्ला मात्र लगेच मानूं नये. नखाएवढ्या त्या कार्डाच्या आरंभीं एक अनुक्रमणिका असते. कोणतें चित्र कोठें ठेविलें आहे याची ती वही. 32 जीबीपर्यंतच्या कार्डांवर ती बहुधा फॅट-32 पद्धतीची आणि त्याहून मोठ्यांवर एक्सफॅट पद्धतीची असते. चित्र उतरत असतां कार्ड ओढून काढलें किंवा बॅटरी संपली, कीं ही वही अर्धवट लिहिली जाते. कोठारांतील धान्य जागच्या जागीं असतें, यादी तेवढी फाटलेली असते. फॉरमॅट म्हणजे तेथें कोरी यादी घालणें. शिवाय कांहीं फोन त्याच वेळीं जुना मजकूर टाकून देण्याची आज्ञाही कार्डास देतात. मग कोणी कितीही हुशार असला तरी त्याच्या हातीं कांहीं लागत नाहीं.

प्रथम काकांस एक प्रश्न विचारावा. कार्ड घालतांना ‘अंतर्गत साठा’ हा पर्याय निवडला होता काय? 2015 सालीं आलेल्या अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून ही सोय कित्येक फोनांत आहे. तसें केलें असल्यास कार्डावरील मजकूर कुलूपबंद होतो आणि किल्ली त्याच फोनांत राहते. दुसऱ्या फोनांत वा संगणकांत तें कार्ड बिघडलेलें भासतें, वस्तुतः तें निर्दोष असूं शकतें! तें मूळ फोनांतच परत घालावें, आणि त्या फोनचें ‘फॅक्टरी रीसेट’ करण्याचा मोह कटाक्षानें टाळावा. नाहीं तर किल्लीच विहिरींत पडली.

हें प्रकरण नसेल, तर दुसरी विचारणा नागपूरच्या आत्याबाईंकडे करावी. व्हॉट्सअॅपनें आलेलीं चित्रें व ध्वनिमुद्रणें सामान्यतः अँड्रॉइड फोनच्या स्वतःच्या साठ्यांत राहतात, कार्डावर नव्हे. मंगलाष्टकें त्यांच्याकडे धाडलीं असतील तर तीं तेथें सुखरूप असण्याचा संभव आहे.

तेथेंही निराशा झाली, तर फोन बंद करून कार्ड काढावें, त्याच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ फडक्यानें पुसाव्या, आणि अॅडॅप्टरमध्यें बसवून तें संगणकास लावावें. अॅडॅप्टरच्या कडेस एक लहानशी खिट्टी असते. ती कशासाठीं, हें पुष्कळांस ठाऊकच नसतें. ती ‘लॉक’कडे सरकविली म्हणजे संगणक बहुधा त्यावर कांहीं लिहीत नाहीं. संगणकही फॉरमॅटची परवानगी मागेल, ती नाकारावी. फोटोरेक नांवाचा विनामूल्य प्रोग्राम अनुक्रमणिकेवर विसंबत नाहीं. प्रत्येक जातीच्या चित्राचा आरंभ ठराविक खुणेनें होतो. ती खूण हुडकीत तो सारें कार्ड धुंडाळतो. सांपडलेलें संगणकावर उतरवावें, त्याच कार्डावर कदापि नव्हे. मूळ नांवें बहुधा जातात, तेव्हां निनांवी चित्रांच्या ढिगांतून मुंज निवडण्याचें काम सुटींत मुलांकडे सोंपवावें. तीं तें आवडीनें करतात. संगणकास कार्ड मुळींच दिसत नसेल तर घरगुती उपाय संपले. मग मोठ्या शहरांतील जाणकारांकडेच जावें लागतें आणि खर्च बराच येतो.

फॉरमॅट करूनही जुनींच चित्रें पुन्हां दिसूं लागलीं, तर कार्ड झिजलें असें समजावें. अशीं कार्डें कित्येकदां लिहूं देत नाहींत, वाचूं मात्र देतात. त्यांची नक्कल घेऊन त्यांस निरोप द्यावा. नवें घेतांना स्वस्ताईस भुलूं नये. वर 128 जीबी छापलेलें आणि आंत खरी जागा त्याच्या अंशमात्र, असे नकली नमुने बाजारांत येतात. जागा संपली तरी फोन चित्रें घेत राहतो आणि तीं कोठेंच उतरत नाहींत. तेव्हां मंगलकार्याच्या आधींच एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या प्रोग्रामनें कार्ड कांठोकांठ भरून परत वाचून पाहावें. पावती जपून ठेवावी, आणि आंकडा जुळला नाहीं तर विलंब न लावतां कार्ड दुकानदारास परत करावें.