भूक गेली, गरज नाही गेली!

आमच्या मंडळातली एक मैत्रीण वजन उतरवायचं आठवड्याचं इंजेक्शन घेते. २०२५मध्ये मौंजारो, वेगोवी भारतात आलं, तेव्हापासून ही नावं आपल्या गावांतही ऐकू येतात. तिचं वजन उतरलं खरं, पण परवा जिना चढताना ती मधेच बसली. सकाळपासून पोटात फक्त चहा. म्हणे, ‘भूकच लागत नाही गं!’ त्यात संकष्टीचा उपवास!

मैत्रिणींनो, या औषधानं भूक मरते, शरीराची गरज नाही. खाणं-पाणी कमी पडलं की थकवा येतो, चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून घड्याळ बघून थोडं थोडं खावंच. वाटीभर घट्ट वरण, मुगाचं धिरडं, दही, चालत असेल तर अंडं. पाण्याचा तांब्या समोर ठेवावा. चक्कर येत असेल, उलट्या थांबत नसतील तर पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना गाठावं. मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखरही तपासावी.

आणि घरच्यांनो, तो थकवा म्हणजे आळस नव्हे. स्वतः दोन घास खाणाऱ्या बाईनं पाच जणांच्या पोळ्या का लाटायच्या? मैत्रिणीकडे आता मुलगा कुकर लावतो. शिट्ट्या मोजायला चुकतो, पण लावतो.