कार्डावरचा 'एस.ओ.एस.'

अहमदपूरहून एका वाचक डॉक्टरांनी गेल्या महिन्यात एका डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवला. नाव, गाव आणि दवाखान्याचा शिक्का त्यांनी झाकला होता, हे योग्यच केले. उरलेला मजकूर एवढाच: 'डी अँड सी डन अंडर आय.व्ही. सेडेशन. प्रोसिजर अनइव्हेंटफुल. रिव्ह्यू आफ्टर सेव्हन डेज / एस.ओ.एस.' (म्हणजे सात दिवसांनी, किंवा गरज पडल्यास आधीच). खाली तीन गोळ्या.

बाई सव्वीस वर्षांची, किनगावकडच्या एका तांड्यावरची. नवव्या आठवड्यात अर्धवट गर्भपात, दुपारी क्युरेटिंग, संध्याकाळी घरी. रात्रीपासून पोट दुखत होते. 'पिशवी धुतल्यावर दुखायचंच' असे घरच्या बायकांनी समजावले, गोळीने थोडे दबले. तिसऱ्या दिवशी ती पत्रलेखकांच्या ओपीडीत आली तेव्हा नाडी १३०, पोट फुगलेले आणि हात लावू देईना, उभ्याने काढलेल्या एक्स-रेत डायफ्रॅमखाली हवा. लातूरला पोट उघडले. फंडसला छिद्र, लहान आतड्याला भोक. बाई वाचली. नवऱ्याने ते कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात जपले होते. इतके दिवस का थांबलात, असे विचारल्यावर तो म्हणाला, ''सात दिवसांनी दाखवा म्हणले होते ना साहेब.''

त्याने आपल्या सूचनेचे तंतोतंत पालन केले होते.

छिद्र कुणाच्याही हातून पडू शकते. मागे झुकलेली पिशवी, अंगावर पाजणारी आई, आधीचे सिझेरियन, घट्ट सर्व्हिक्स, हे सगळे आपल्या रोजच्या यादीत असते. साऊंड सात सेंटिमीटरला टेकला आणि पुढचा हेगार दहापर्यंत विनासायास गेला, तर काय झाले हे हाताला त्याच क्षणी कळते. तिथेच थांबले, सक्शन सुरू केले नाही, तर डायलेटरचे मधोमध पडलेले छिद्र बहुतेक वेळा नुसत्या निरीक्षणाखाली भरून येते. तसेच पुढे रेटून क्युरेट किंवा कॅन्युला आत घातली की आतडे ओढले जाते. म्हणून आमची तक्रार छिद्राबद्दल नाही. हाताला जे जाणवले ते कागदावर उतरले नाही आणि त्यानंतर तिची नाडी कुणी मोजली नाही, याबद्दल आहे.

नाडीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण गल्लत इथेच होते. डायलेटेशन चालू असताना घाम फुटून नाडी मंद झाली, तर ते बहुधा व्हॅसोव्हेगल. पाय वर करा, गरज पडली तर ॲट्रोपिन द्या, बाई सावरते. पण टेबलावरून उतरल्यानंतर नाडी ९०, १००, ११० अशी चढत असेल, तर रक्तस्राव नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहेच असे धरावे. तरुण बाईचे बी.पी. शेवटपर्यंत टिकते, त्यावर भिस्त ठेवू नका. दर अर्ध्या तासाला नाडी, किमान चार तास, वेळेसह लिहिलेली हवी. अंगावरून जाणे एकदम थांबले, कळा मात्र वाढल्या आणि पिशवी मोठी व ताणलेली लागली, तर हिमॅटोमेट्रा आठवा. पिशवी आकसलेली असूनही लाल रक्त चालूच असेल, तर स्पेक्युलम लावून सर्व्हिक्स फाटली आहे का ते पाहा. खांद्यात कळ येते असे बाईने सांगितले, तर बाम देऊन वाटेला लावू नका.

धारदार क्युरेट सोडून व्हॅक्युम ॲस्पिरेशन वापरा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ सालीच बजावले आहे. तरीही कित्येक ट्रेमध्ये तीच क्युरेट निघते. याला आता कुठलेही कारण चालणार नाही.

सरकारी कागदांचे पाहा. २००३ च्या एम.टी.पी. नियमावलीतला मासिक अहवालाचा फॉर्म २ बाईचा धर्म विचारतो, आठवडे विचारतो, कारण विचारतो, नसबंदी झाली की तांबी बसवली हेही विचारतो. नंतर तिला काय झाले, यासाठी त्यात एकही ओळ नाही. फॉर्म ३ च्या रजिस्टरात 'निकाल व शेरा' असा रकाना आहे, पण तो डिस्चार्जच्या तारखेशेजारीच भरला जातो, म्हणजे गुंतागुंत दिसू लागायच्या आधीच. हे रजिस्टर पाच वर्षे सांभाळायचे. अर्धवट गर्भपातासाठी केलेले क्युरेटिंग तर त्यात येतच नाही. आतड्याचे भोक घेऊन लातूरला गेलेली ही बाई सरकारदरबारी कुठेच नोंदलेली नाही. आरोग्य खात्याने या नमुन्यात सातव्या दिवसाचा एक रकाना वाढवावा. त्यासाठी समिती नेमायची गरज नाही.

आणि आपली रेफर चिठ्ठी? 'फॉर फर्दर मॅनेजमेंट' एवढ्यावर भागवणाऱ्यांना विनंती नाही, सांगणे आहे: साऊंड किती गेला, कितवा हेगार, सक्शन चालू होते का, नाडी कधीपासून चढली, हे चार शब्दांत लिहा आणि पुढच्या डॉक्टरांना स्वतः फोन करा. अहमदपूरहून लातूर काय, नांदेड काय, रस्त्यात तास-दीड तास जातो. तिथे पोहोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध व्हायला नको. कोर्टाच्या भीतीने लपवलेली गोष्ट पोट उघडल्यावर दिसतेच.

आता दसरा तोंडावर आला आहे. ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतील. उचल घेतलेली असते, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, त्यामुळे कालची क्युरेटिंगची बाई आज ट्रॅक्टरमध्ये बसते आणि आपल्या हाताबाहेर जाते. तिच्या कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरांत हे हवे: तासाला दोन पॅड भिजत आहेत आणि असे दोन तास चालले आहे, एक दिवसाहून जास्त ताप आहे, पोट फुगले किंवा दुखणे वाढते आहे, उलट्या, घेरी, खांद्यात कळ, अंगावरून घाण वासाचे जाते आहे, यातले एकही असेल तर सात दिवस थांबू नका, रात्री असेल तरी या, लांब असाल तर जवळच्या दवाखान्यात हे कार्ड दाखवा, १०८ ला फोन करा. तांड्यावरच्या बाईला हेच गोरमाटीत सांगणारी एखादी आया किंवा सिस्टर आपल्याकडे असतेच. नवऱ्यालाही समोर बसवून सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातून एक फोन करा.

हा मजकूर कार्डाच्या आकारात याच अंकाच्या शेवटच्या पानावर छापला आहे. त्यावर हक्क राखलेला नाही. आपला फोन नंबर घाला आणि टोळ्या निघायच्या आत छापून घ्या.