माऊस कुणाच्या हाती, गुण कुणाच्या खाती?

बारावीच्या परीक्षांचा हंगाम आला की चर्चा कॉपीमुक्त अभियानाची आणि निकालाच्या टक्केवारीची होते. संगणकाच्या प्रयोगशाळेत गुण कसे दिले जातात, यावर मात्र कोणी बोलत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आपल्या मुलामुलींसाठी हा प्रश्न छोटा नाही. शासकीय नोकरीत एमएस-सीआयटी लागते, स्पर्धा परीक्षा आता पडद्यावर होतात. जो विद्यार्थी शाळा-कॉलेजात संगणकाला घाबरायला शिकला, तो पुढे प्रत्येक दारावर अडखळतो.

राज्य मंडळाचा अकरावी-बारावीचा माहिती तंत्रज्ञान हा विषय १०० गुणांचा आहे. बारावीला ८० गुण ऑनलाइन परीक्षेला आणि २० प्रात्यक्षिकाला. अडीच तासांच्या ऑनलाइन परीक्षेत रिकाम्या जागा, चूक-बरोबर, योग्य पर्याय असे प्रश्न येतात आणि शेवटी प्रोग्रामही लिहायचा असतो. विज्ञान शाखेला एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पीएचपी आहे. मुंबईच्या विद्यार्थ्याला आणि झरी जामणीच्या विद्यार्थ्याला एकच मोजपट्टी. वरवर पाहता हा न्याय वाटतो. पण ही मोजपट्टी नेमके काय मोजते?

आमच्या मते ती बुद्धीइतकीच, कधी बुद्धीपेक्षाही जास्त, संगणकासमोर घालवलेले तास मोजते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी फक्त ४.४ टक्के घरांत संगणक होता, शहरांत २३.४ टक्के. मोबाईल आले, पण तेही सर्वांच्या हाती नाहीत. 'असर' २०२३ च्या ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १८ वयोगटातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता; मुलींपैकी केवळ १९.८ टक्के मुलींकडे. शिवाय मोबाईलवर रील पाहणारा अंगठा कीबोर्डवर सेमीकोलन शोधू शकतोच असे नाही.

मग उरते ती शाळेची प्रयोगशाळा. राज्याने आयसीटी योजनेत खासगी कंपन्यांकरवी पाच वर्षांच्या कराराने शाळांत संगणक कक्ष उभे केले. करार संपले तसे निदेशक गेले आणि अनेक ठिकाणी कक्षाला कुलूप लागले. जिथे कक्ष चालू आहे तिथे एका संगणकावर तिघे-चौघे बसतात. माऊस त्याच्याच हाती असतो ज्याच्या घरी संगणक आहे. बाकीचे मान उंच करून पाहतात आणि जर्नलमध्ये उतरवून घेतात. दिवाळीनंतर कापूस वेचणीला आईबापासोबत जाणाऱ्या मुलीचे प्रात्यक्षिकाचे तास बुडतात ते पुन्हा कोणी घेत नाही. फेब्रुवारीत मात्र तिने झरझर टाइप करावे, अशी अपेक्षा असते.

अपेक्षा हाच दुसरा मुद्दा. शिक्षक कोणाकडून काय अपेक्षा ठेवतात, त्यावर विद्यार्थ्याला किती संधी मिळते हे ठरते. रेमा हॅना आणि ली लिंडन या अर्थतज्ज्ञांनी भारतात एक प्रयोग केला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. उत्तरपत्रिकांवर मुलांची जात चिठ्ठी टाकल्यासारखी वाटून लिहिली आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. 'खालची' जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना सरासरी कमी गुण पडले. फरक मोठा नव्हता, पण होता. विचार करायला लावणारी गोष्ट अशी की हा भेद प्रामुख्याने त्याच जातसमूहांतून आलेल्या तपासनीसांकडून झालेला दिसला. म्हणजे प्रश्न केवळ एखाद्या दुष्ट शिक्षकाचा नाही. कमी अपेक्षेची सवय आपल्याही मनात घर करून बसलेली असते. तपासणीच्या सुरुवातीला, निकष अजून मनात पक्के झालेले नसताना, भेद अधिक होता. निकष धूसर असतील तिथे जात आत शिरते.

२० गुणांचे प्रात्यक्षिक ही नेमकी अशी धूसर जागा आहे. प्रोग्राम चालला नाही, पण विचार बरोबर होता, तर किती गुण? तोंडी प्रश्नाचे उत्तर मराठीत दिले तर चालेल का? जर्नलच्या सुबक अक्षराला किती वजन? विद्यार्थ्याला हे बहुधा परीक्षेच्या दिवशीच कळते, कधी तेव्हाही नाही.

बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींसाठी विज्ञान आणि तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाज पुढे जाणार नाही. तंत्रशिक्षण महाग आहे आणि सरकारच्या मदतीशिवाय ते आपल्या आवाक्यात येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. आज प्रवेश मिळतो, पण यंत्रापर्यंत हात पोहोचत नाही. लढाई तीच आहे, जागा बदलली आहे.

आम्ही सवलतीचे गुण मागत नाही. आमच्या मागण्या साध्या आहेत :

१. प्रात्यक्षिकाच्या गुणांची फोड वर्षाच्या सुरुवातीलाच मराठीत लिहून प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावावी.

२. प्रत्येक विद्यार्थी एकट्याने किती तास संगणकावर बसला, याची नोंदवही ठेवावी.

३. वेचणीच्या दिवसांत बुडालेले तास भरून द्यावेत.

४. चुकलेल्या प्रोग्राममागचा विचार मराठीत समजावून सांगण्याची संधी द्यावी आणि गुण कमी दिले तर कारण सांगावे.

यातल्या बहुतेक गोष्टींना निधी लागत नाही. तुटपुंज्या मानधनावरच्या शिक्षकांनाही लेखी निकषांचा आधारच होईल. मर्जीतून गुण दिल्याचा आरोप त्यांच्यावर येणार नाही.

तरुणांनी काय करावे? आपल्या तालुक्यातल्या जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांत संगणक किती आले, चालू किती, शिकवणारे कोण, ही माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागावी. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला पालकांना सोबत घेऊन जावे. विहारातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी दोन जुने संगणक ठेवावेत. वेळापत्रक असे करावे की मुलींचा नंबर आधी लागेल. आणि तिथे एक नियम कटाक्षाने पाळावा : ज्याला येते त्याने तोंडाने सांगायचे, माऊसला हात लावायचा नाही. शिकणाऱ्याचा हात यंत्रावर पडला तरच परीक्षेतला गुण त्याचा स्वतःचा होईल.