बुडते नगर आणि आपला पेला

व्हिडिओ गेम म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय, असे आमच्या पिढीचे ठाम मत आहे. ते अगदीच निराधार नाही. पण परवा नारायणगुड्याच्या घरी नातवाने मला शेजारी बसवून एक टप्पा खेळून दाखवला, आणि ते मत थोडे तपासून पाहावेसे वाटले.

पडद्यावर एक प्राचीन नगर होते. खांब, पायऱ्या, मंडप, सारे हळूहळू पाण्याखाली चाललेले. दगड नेमक्या जागी सरकवला, कळ नेमक्या क्रमाने फिरवली तरच पुढचे दार उघडायचे; क्रम चुकला की पाणी चढायचे. नातू तीनदा बुडाला आणि चौथ्यांदा पार झाला.

मनात आले, हे कोडे तर आपल्या घरापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर खरोखर घडून गेले आहे.

कृष्णेच्या खोऱ्यात इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांत इक्ष्वाकू राजांची विजयपुरी नांदत होती. तिचे अवशेष १९२६ साली उजेडात आले. १९५५ च्या डिसेंबरात पंडित नेहरूंनी नागार्जुनसागर धरणाची कोनशिला बसवली. सारे खोरे बुडणार होते. पुरातत्त्व खात्याला मोठ्या उत्खननासाठी मिळाली ती १९५४ ते १९६० एवढीच वर्षे. स्तूप, विहार, देवळे, नदीचा दगडी घाट, पायऱ्यांचे रंगमंडल, काय उचलायचे आणि काय सोडायचे? शेवटी नऊ वास्तू हलवून पुन्हा उभारल्या, चौदांच्या प्रतिकृती केल्या. घाट टेकडीवर चढला, रंगमंडल काठावरच्या अनुपूला गेले. टेकडीचे बेट झाले. उरलेले पाण्याने घेतले.

खेळातला बुडालेला गडी पुन्हा उठतो. इथे डाव एकच होता. शिवाय खेळातले नगर कुणाच्या तरी शापाने बुडते. विजयपुरी आपण हिशेब करून बुडवली. मी त्याला दोष देत नाही. १९६७ साली कालव्यांना पाणी सुटले आणि कोरडी शेते भिजली. २००४ पासून तर हैदराबादच्या नळांनाही त्याच जलाशयातून कृष्णा येते. तहानेपुढे दगडांनी वाट द्यावी, हे योग्यच झाले.

पण या सौद्याचा दुसरा भाग आपण विसरलो. जे वाचवले ते पाहण्यासाठी वाचवले होते. उजनीत बुडालेले पळसदेवाचे देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडे पडते, आणि लोक आवर्जून पाहायला जातात. बुडालेल्याचे आपल्याला एवढे अप्रूप! आणि वाचवलेल्याचे? आपली मंडळी नागार्जुनसागरला सहलीला जातात, धरणाचे दरवाजे पाहतात, काठावर डबे सोडतात आणि बेटाची लाँच न धरताच परततात.

म्हणून मुलांच्या हातातला खेळ हिसकावून घेऊ नये, असे मला वाटते. दगडाची जागा चुकली तर काय होते, हे त्याने त्यांना शिकवलेच आहे. पुढचा धडा मात्र वडीलधाऱ्यांनी द्यायचा आहे, आणि तो लाँचच्या तिकिटाएवढा स्वस्त आहे.

खेळ संपल्यावर नातवाने विचारले, “आजोबा, मग खाली काय राहिलं?” त्याच्यापुढे पाण्याचा पेला होता. मी म्हटले, “आधी हे पाणी पी. वर काय उरलं ते येत्या रविवारी पाहून येऊ. खाली काय राहिलं ते तिथेच सांगेन.”