धावता घोडा टिपताना

पेण-रोह्याहून अलिबागच्या किनाऱ्यावर घोडागाडीची शर्यत पाहायला गेलेली मुलं मोबाइल भरून फोटो आणतात. घरी पाहावं तर वाळू आणि पुसट शेपूट! उपाय सोपा आहे. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/१००० सेकंदावर ठेवा. घोडा समोर येण्याआधीच कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवू लागा आणि सलग फोटो घ्या. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज यांनी १२ कॅमेरे ओळीने लावून दाखवून दिलं, की धावत्या घोड्याचे चारही पाय क्षणभर अधांतरी असतात. नुसत्या डोळ्याला हे कळत नाही. मात्र फ्लॅश मारू नका, गाड्यांच्या वाटेत उतरू नका. घोडा बिथरला तर माणसाच्या आणि जनावराच्याही जिवावर बेतेल. फोटो हुकला तरी पुढची शर्यत आहेच.