सायटिकाला विमा आहे, विश्रांती नाही

सायटिकाच्या दुखण्याला जखम नसते, रक्त नसते, ताप नसतो. कमरेतून उठलेली कळ मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरते आणि बसणे, वाकणे, शिंकणेही असह्य करते. दुखणे डोळ्यांना दिसत नसल्याने मालक त्याला कामचुकारपणा समजतो, तर घरचे लोक वयाचा दोष.

बहुधा मणक्यांमधील चकती सरकून मज्जातंतूच्या मुळावर दाब आल्याने हे घडते. दिलाशाची बाब अशी की, बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत बरे होतात. त्यांना वेदनाशामक औषधे, सुयोग्य व्यायाम आणि काही काळ जड ओझ्यापासून सुटका हवी असते. पायातील शक्ती झपाट्याने जाऊ लागली किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर मात्र तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

आपली सार्वजनिक व्यवस्था या वास्तवाच्या नेमकी उलट उभी आहे. आयुष्मान भारत योजना पात्र कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते; पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या फिजिओथेरपीचा खर्च रुग्णाच्याच माथी. ज्या थोड्यांना शस्त्रक्रिया हवी, त्यांची सोय झाली. ज्या अनेकांना ती नको, ते वाऱ्यावर.

विश्रांतीचेही तेच. कर्मचारी राज्य विमा योजनेतील कामगाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळू शकतो. धान्यबाजारात ५० किलोंची पोती वाहणारा हमाल, वीटभट्टीवरील मजूर वा दिवसभर खड्ड्यांतून रिक्षा हाकणारा चालक यांतील बहुतेक जण या छत्राबाहेर आहेत. त्यांच्यासाठी रजा म्हणजे उपास. म्हणून ते गोळी घेऊन पुन्हा पोते उचलतात आणि बरे होऊ शकणारे दुखणे कायमचे जडवून घेतात.

माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये आणि डोईवर ओझी वाहणाऱ्यांसाठी केरळने १९७८ मध्ये कायदा केला. विखुरलेल्या श्रमिकांनाही संरक्षण देता येते, याचा हा पुरावा आहे. आता आयुष्मान आरोग्य मंदिरांत फिजिओथेरपिस्ट नियमित यावेत, असंघटितांना आजारपणाचा भत्ता मिळावा आणि पोत्याचे वजन कमी व्हावे. देशाचा भार ज्या पाठींवर आहे, त्या मोडण्याची वाट पाहून मग शस्त्रक्रियेचे बिल भरणे हे आरोग्यधोरण नव्हे.